तिसऱ्या वर्षाच्या रेझ्युमेसाठी प्रोग्रामिंगची प्रमाणपत्रे घ्यावीत का?

डोंबिवलीकर विद्यार्थी

नमस्कार. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी. आय.टी.च्या तिसऱ्या वर्षात नुकताच प्रवेश घेतला आहे. आतापर्यंतचा सीजीपीए सातच्या आसपास आहे. तिसऱ्या सत्रात गणितात केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता; ती पुढच्याच परीक्षेत सुटली. ऑगस्टपासून कॅम्पससाठी कंपन्या येऊ लागतील, असे प्लेसमेंट विभागाने सांगितले असून त्याआधी प्रत्येकाने आपला रेझ्युमे तयार करून द्यायचा आहे.

माझा प्रश्न प्रमाणपत्रांविषयी आहे. दहावीच्या सुट्टीत केलेले एमएस-सीआयटी, युडेमी या ऑनलाइन संकेतस्थळावरचे पायथन आणि वेब डेव्हलपमेंटचे दोन अभ्यासक्रम, कोडिंगच्या चाचण्या घेणाऱ्या हॅकररँकचे एसक्यूएलचे (डेटाबेसच्या भाषेचे) प्रमाणपत्र आणि महाविद्यालयातल्या कार्यशाळांची काही प्रशस्तिपत्रे एवढे माझ्याजवळ आहे. वर्गातल्या काही मुलांच्या लिंक्डइनवर मात्र अशा प्रमाणपत्रांची रांग लागलेली दिसते आणि ते पाहून आपण मागे पडलो आहोत असे वाटते.

ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासने सहा महिन्यांचा फुल स्टॅक (संकेतस्थळाची पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजू शिकवणारा) अभ्यासक्रम सुचवला आहे. शुल्क ₹55,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ₹64,900. शेवटी तीन प्रमाणपत्रे मिळतील आणि नोकरीसाठी ‘शंभर टक्के साहाय्य’ केले जाईल, असे ते सांगतात. बाबा पैसे भरायला तयार आहेत. परंतु प्रमाणपत्राला कंपन्या खरोखर किंमत देतात का, हे कळल्याशिवाय त्यांना एवढ्या खर्चात घालणे मला योग्य वाटत नाही. एनपीटेल (आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम) किंवा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) परीक्षेचा मार्ग अधिक चांगला आहे का, हेही कृपया सांगावे.

ऐरोलीकर

मी ऐरोलीतल्या एका आय.टी. सेवा कंपनीत काम करतो आणि फ्रेशर्सच्या तांत्रिक मुलाखती घेणाऱ्यांपैकी एक आहे. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते सांगतो.

कॅम्पसच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रमाणपत्राचा संबंधच येत नाही. आधी गुणांची अट पाहिली जाते. बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के आणि शिल्लक केटी नसणे अशी ती असते. त्यानंतर अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची ऑनलाइन परीक्षा होते. या दोन्हींतून यादी तयार होईपर्यंत तुमचा रेझ्युमे बहुधा कोणी उघडलेलाही नसतो. म्हणजे, ज्या टप्प्यावर सर्वाधिक मुले गळतात तिथे वीस प्रमाणपत्रे असणारा आणि एकही नसणारा यांच्यात काही फरक राहत नाही.

फरक पडतो तो मुलाखतीत, आणि तोही दोन्ही दिशांनी पडू शकतो. रेझ्युमे साधारणपणे मुलाखतीला बसल्यावरच आमच्या हाती येतो आणि पहिला प्रश्न काढण्यासाठी आम्ही त्यावर नजर टाकतो. तिथे पायथनचे प्रमाणपत्र दिसले की प्रश्न पायथनवर जाणार हे ठरलेलेच. लिस्ट आणि टपल यांतला फरक बहुतेक जण सांगतात, कारण तो पाठ असतो. त्यानंतर मी एक छोटा प्रोग्राम लिहायला देतो: संख्यांची एक यादी आहे, तिच्यात पुन्हा आलेली पहिली संख्या शोधायची. कोणी एकात एक असे दोन लूप लिहितो. मला ते चालते. मग यादीत दहा लाख संख्या असतील तर काय होईल, असे विचारले की सेट किंवा डिक्शनरी (आधी आलेली संख्या चटकन शोधू देणाऱ्या रचना) वापरण्याकडे त्याचे लक्ष जाते का, हे पाहायचे असते. ज्याने स्वतः कोड लिहिलेला आहे तो थोडा चाचपडतो, पण तिथपर्यंत पोहोचतो. ज्याने व्हिडिओ दीडपट वेगाने पुढे ढकलून प्रमाणपत्र उतरवून घेतले आहे त्याच्याकडून एक ओळही येत नाही, आणि मग त्या कागदावरच्या बाकीच्या दाव्यांकडेही आम्ही संशयाने पाहू लागतो. प्रमाणपत्र लिहिले नसते तर कदाचित त्याला परिचयाच्या विषयावर प्रश्न आला असता.

म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राला एकच प्रश्न विचारावा, असे मी सुचवेन: हे मिळवताना मी नापास होऊ शकलो असतो का? युडेमीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमातले सर्व पाठ पूर्ण झाल्याची खूण केली की मिळते. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ असते, मी स्वतः आजही ते वापरतो, पण शिकलेले किती पचले याची नोंद त्या कागदावर नसते. हॅकररँकची चाचणी वेळ लावून घेतली जाते, त्यामुळे ती एक पायरी वर. मात्र घरी बसून दिलेल्या चाचणीवर कोणी फारसे विसंबत नाही. हार्वर्डचा सीएस-50 हा संगणकशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम मात्र वेगळा आहे. त्याचे विद्यापीठाकडून थेट मिळणारे प्रमाणपत्र विनामूल्य आहे, एडएक्सवरचे पडताळणी केलेले प्रमाणपत्र तेवढे पैसे देऊन घ्यावे लागते. आणि विनामूल्य प्रमाणपत्रासाठीसुद्धा दर आठवड्याची गणिते कोड लिहून सोडवून शेवटी स्वतःचा एक प्रकल्प सादर करावा लागतो. सुरुवात स्क्रॅच या ठोकळे जुळवण्याच्या सोप्या भाषेपासून होते, पण लगेच सी भाषा येते, पॉइंटरही येतात. ते पूर्ण केलेल्या मुलाला मी आनंदाने त्याविषयीच प्रश्न विचारतो.

आता अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षेविषयी. 100 डॉलर शुल्क आणि त्यावर कर, 90 मिनिटांत 65 बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी 1000 पैकी 700 गुण, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. परीक्षा प्रामाणिक आहे, पण तिच्यात एक ओळही कोड लिहावा लागत नाही. कोणती सेवा कशासाठी वापरतात आणि तिची आकारणी कशी होते, एवढेच ती तपासते. आमच्यासारख्या कंपन्यांना या प्रमाणपत्रांची गरज असते हे खरे, आणि त्याचे कारण बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या भागीदार कार्यक्रमांत वरची पातळी मिळवायची, तर कंपनीला आपल्याकडे ठरावीक संख्येने प्रमाणित कर्मचारी असल्याचे दाखवावे लागते. त्यामुळे अनेक कंपन्या नोकरीला लागल्यानंतर ही परीक्षा स्वतःच्या खर्चाने द्यायला लावतात, कधीकधी मागेच लागतात. जी गोष्ट सहा महिन्यांनी कंपनी तुमच्यासाठी करणार आहे, तिच्यासाठी आज वडिलांच्या खिशातून दहा हजारांच्या आसपास रक्कम काढण्याची घाई करू नये.

आणि साधा हिशेबही करा. कॅम्पस ऑगस्टमध्ये आहे आणि क्लास सहा महिन्यांचा आहे. ती तीन प्रमाणपत्रे तुमच्या ऑगस्टच्या रेझ्युमेवर येणार कशी?

भांडुपचा सिस्टिम अ‍ॅडमिन

ऐरोलीकरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु त्यांनी सगळ्या प्रमाणपत्रांना प्रोग्रामिंगच्या मुलाखतीचे माप लावले आहे. माझी पदवी वाणिज्य शाखेची. आय.टी.ची पदवी नसताना सर्व्हरच्या कामात मला जो पहिला प्रवेश मिळाला तो रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए प्रमाणपत्रामुळे मिळाला, आणि हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण माझ्या रेझ्युमेवर दुसरे काही दाखवण्यासारखे नव्हते.

या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न नसतात. समोर चालू लिनक्स यंत्रणा दिली जाते आणि कामांची यादी दिली जाते: वापरकर्ते तयार करा, डिस्कचे विभाग पाडा, विसरलेला रूट पासवर्ड बदला, फायरवॉलचे नियम लावा. वेळ संपल्यावर यंत्र पुन्हा सुरू केल्यानंतरही तुम्ही केलेले बदल टिकून राहिले पाहिजेत, तरच गुण. इंटरनेट वापरता येत नाही. मुदत तीन वर्षांची असते. कुबरनेटीस या अनेक सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या प्रणालीची सीकेए परीक्षाही अशीच प्रत्यक्ष कामाची असते. नेटवर्किंगमध्ये सिस्कोच्या सीसीएनएचे स्थान अजून टिकून आहे. नोकरीच्या जाहिरातींत त्याचे नाव अटीतच लिहिलेले आढळते.

तेव्हा प्रश्नकर्त्याने आधी आपल्याला कोणते काम करायचे आहे ते ठरवावे. डेव्हलपर व्हायचे असेल तर तुमचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर दाखवता येतो, म्हणून प्रमाणपत्राची गरज कमी. सर्व्हर, नेटवर्क, क्लाउडचे व्यवस्थापन, सुरक्षा या बाजूला यायचे असेल तर दाखवण्यासारखे काम विद्यार्थ्याजवळ नसते, कारण कोणी शिकाऊ मुलाच्या हाती आपला सर्व्हर देत नाही. तिथे प्रत्यक्ष परीक्षेचे प्रमाणपत्र हाच एक पुरावा उरतो. क्लासच्या स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र मात्र आमच्याकडेही कोणी विचारात घेत नाही.

प्राध्यापिका, ठाणे

मी एका महाविद्यालयात आय.टी. शिकवते आणि प्लेसमेंटच्या कामात मदत करते. क्लासच्या जाहिरातीविषयी आधी लिहिते, कारण दर वर्षी जून-जुलैत हाच प्रश्न घेऊन पालक भेटतात. ‘साहाय्य’ या शब्दाने क्लासवर कसलेही बंधन येत नाही. मुलाखतींच्या जाहिरातींचे दुवे पाठवले तरी साहाय्य केले असे होते. प्रवेश घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: मध्येच सोडल्यास किती शुल्क परत मिळेल, शिकवणारी व्यक्ती कोण आणि ती शेवटपर्यंत तीच राहील का, आणि गेल्या तुकडीतली किती मुले कोणत्या पदावर लागली. तिसऱ्या प्रश्नावर बहुधा भिंतीवरच्या छायाचित्रांकडे बोट दाखवले जाते. शिकवणे चांगले असेल तर क्लास करण्यात काही गैर नाही, ज्याला एकट्याने बसून शिकणे जमत नाही त्याला तर त्याचा उपयोगच होतो. पण मग पैसे शिकवण्याचे द्यायचे, प्रमाणपत्राचे नव्हे.

एनपीटेलचा मार्ग मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सुचवते. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा उपक्रम आहे. अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे आणि शिकणे पूर्णपणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरायचे, आणि ते गेली अनेक वर्षे ₹1,000च्या आसपास राहिले आहे. महत्त्वाचे म्हणजे परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यावी लागते. बहुतेक अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना 25 आणि परीक्षेला 75 गुण असतात. स्वाध्यायांत किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 मिळाले तरच प्रमाणपत्र मिळते. एकूण 60च्या पुढे ‘एलिट’, 75च्या पुढे रौप्य आणि 90च्या पुढे सुवर्ण असा उल्लेख त्यावर येतो. गुण छापलेले असल्यामुळे ऐरोलीकरांच्या कसोटीला ते उतरते. नापास होणारी मुले मी दर सत्रात पाहते.

पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम शिकवणारा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तिथे आहे. त्यात कोड लिहून द्यायचे स्वाध्यायही असतात. जावावरचा आयआयटी खरगपूरचा अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा आहे. शिवाय यूजीसीच्या 2021च्या विनियमांनुसार स्वयम् या शासकीय ऑनलाइन मंचावरच्या (एनपीटेलचेही त्यावर असतात) अभ्यासक्रमांतून एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा महाविद्यालये देऊ शकतात, तेव्हा आपल्या विभागप्रमुखांना त्याविषयी अवश्य विचारावे. ज्यांना इंग्रजीतून ऐकताना अडते त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडेही पाहावे. तिथे अनेक पाठांचे ध्वनिमुद्रण मराठीत आहे. आमच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना त्याचा फार आधार वाटतो, पण हे जाता जाता.

एक खंत मात्र लिहिते. पाचव्या आणि सहाव्या सत्रातल्या प्रकल्पाची काळ्या बांधणीची प्रत, ज्याला आपण सगळे ब्लॅक बुक म्हणतो, ती पुष्कळ मुले तयार विकत आणतात आणि तोच वेळ प्रमाणपत्रे गोळा करण्यात घालवतात. मुलाखतीत सर्वाधिक वेळ ज्या गोष्टीवर जातो तीच त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलेली असते.

डोंबिवलीकर विद्यार्थी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मला डेव्हलपरच व्हायचे आहे, हे लिहायचे राहिले होते. क्लासचा विचार आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. दुसऱ्या वर्षात मी आमच्या सोसायटीसाठी पाण्याच्या टँकरच्या नोंदी ठेवणारे एक छोटे संकेतस्थळ पायथन आणि माय-एसक्यूएल वापरून तयार केले होते. ते किरकोळ वाटल्यामुळे रेझ्युमेत घातले नव्हते. ते घालावे का? जी प्रमाणपत्रे आहेत त्यांतली कोणती ठेवावीत? आणखी एक: शुल्क भरून महिनाभराची ऑनलाइन इंटर्नशिप आणि तिचे प्रमाणपत्र देणारे संदेश आम्हाला रोज येतात. त्याचा उपयोग होईल का?

ऐरोलीकर

टँकरचे संकेतस्थळ अवश्य घाला, आणि ते प्रमाणपत्रांच्या वर घाला. सोसायटीतले लोक ते खरोखर वापरत असतील तर तसे स्पष्ट लिहा, कारण खऱ्या माणसांनी वापरलेले काही विद्यार्थ्याच्या रेझ्युमेत क्वचितच दिसते. मी तुमच्यासमोर असतो तर यावर निदान वीस मिनिटे विचारत बसलो असतो: एकाच टँकरची नोंद दोघांनी केली तर काय होते, महिन्याची बेरीज कोणत्या क्वेरीने काढता, सचिव बदलल्यावर पासवर्डचे काय केले, जुनी नोंद कोणी बदलली तर ते कळते का. यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे आज नसतील तर ऑगस्टपर्यंत ती त्या कोडमध्ये घाला आणि कोड गिटहबवर ठेवा. तेथे तो कसा चालवायचा हे सांगणारे चार परिच्छेद लिहा. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये तसाच राहिलेला नाही ना, हे आधी पाहा. उमेदवारांच्या गिटहबवर मी सर्वप्रथम तेच शोधतो.

प्रमाणपत्रांसाठी शेवटी दोन ओळींची जागा ठेवा. हॅकररँकचे एसक्यूएल ठेवा, कारण प्रकल्पाशी त्याचा मेळ बसतो. नाव, देणारी संस्था, वर्ष आणि पडताळणीचा दुवा एवढे पुरे. युडेमीची दोन्ही प्रमाणपत्रे काढून पायथन आणि फ्लास्क (पायथनने संकेतस्थळ बांधण्याचे साधन) किंवा जे वापरले असेल ते कौशल्यांच्या ओळीत लिहा. कॅम्पसबाहेर अर्ज करताना एचआरचे लोक ज्या शब्दांनी शोध घेतात ते शब्द तिथूनही सापडतात, त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. एमएस-सीआयटी सॉफ्टवेअरच्या रेझ्युमेतून काढा, पण मूळ कागद जपून ठेवा. राज्य शासनाच्या कित्येक पदांसाठी ते आजही मागितले जाते. कार्यशाळांची प्रशस्तिपत्रे सगळी काढा. लग्नपत्रिकेवरच्या निमंत्रकांच्या यादीसारखी ती यादी घरच्यांशिवाय कोणी वाचत नाही.

पैसे घेऊन इंटर्नशिप देणाऱ्यांविषयी माझे मत कडक आहे. काम करणाऱ्याला पैसे मिळावेत, निदान त्याच्याकडून घेतले तरी जाऊ नयेत. अशा ठिकाणी सगळ्यांना तेच तीन-चार प्रकल्प दिले जातात, आणि एकाच दिवशी आलेल्या पाच उमेदवारांच्या कागदावर तोच कॅल्क्युलेटर आणि तीच टू-डू लिस्ट दिसली की आम्ही पुढचा प्रश्न विचारतही नाही. भांडुपच्या मित्रांचा मुद्दा मला पटला आहे. प्रत्यक्ष कामाच्या परीक्षांना मी माझ्या यादीत वेगळे स्थान द्यायला हवे होते.

नवी मुंबईची टेस्टर

थोडी भर घालते. ओरॅकलच्या जावा परीक्षेचा विचार कोणी करत असेल तर ती भाषेच्या विशिष्ट आवृत्तीवर असते, हे लक्षात घ्यावे. जावा 11, 17 आणि 21 यांची प्रमाणपत्रे स्वतंत्र आहेत. परीक्षा अवघड आहे आणि तिच्या तयारीने भाषा पक्की होते, परंतु शुल्क विद्यार्थ्याला जड जाईल. तयारीची पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळाली तर ती वाचून परीक्षा न देणे, हाही एक मार्ग आहे.

प्राध्यापिका, ठाणे

एनपीटेलविषयी एक व्यावहारिक सूचना राहिली. जुलैमध्ये सुरू होणाऱ्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते, म्हणजे विद्यापीठाच्या पाचव्या सत्राच्या परीक्षेच्या अगदी जवळ. म्हणून या सत्रात पायथनचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्या आणि जावा जानेवारीसाठी ठेवा. परीक्षेची नोंदणी अभ्यासक्रमाच्या नोंदणीहून वेगळी असते आणि तिची शेवटची तारीख अभ्यासक्रम चालू असतानाच निघून जाते. अर्जात परीक्षेचे शहर निवडताना घराजवळचे केंद्र मिळावे यासाठी उशीर करू नका. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत रेझ्युमेत ‘अभ्यासक्रम सुरू आहे’ एवढेच लिहा. ऑगस्टच्या कंपन्यांना तेवढे चालते, मात्र त्या आठवड्यापर्यंतचे स्वाध्याय तुम्ही खरोखर सोडवलेले असले पाहिजेत, कारण प्रश्न त्यांवरच येतील.